पद्मिनीच्या नट-बोल्टांना झिंक करायचंय: पांढरं की पिवळं, आणि घरी जमेल का?

गोदाकाठ_११००:

नमस्कार मंडळी. काकांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी करायला घेतलीये, पंचवटीत घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली कित्येक वर्षं पडून होती. बॉडीचं काम पाथर्डी फाट्याला एका डेंटरकडे चालू आहे त्यामुळे तिकडची काळजी नाही, माझा प्रश्न बारीक सामानाचा आहे. बॉनेटची बिजागरं, बॉनेट लॉक, वायपरची लिंकेज, सीटच्या रेल, हँडब्रेकची सगळी खटपट, बंपरचे ब्रॅकेट, डायनॅमोची ॲडजस्टिंग पट्टी आणि क्रेट भरभरून नट-बोल्ट-वायसर-क्लिपा. सगळ्यावर तांबूस गंज आहे पण आत लोखंड ठणठणीत आहे. नवीन बोल्ट बाजारात मिळतात हो, पण डोक्याचा आकार आणि वरचे मार्क जुळत नाहीत आणि मला शक्य तेवढं मूळचंच सामान परत लावायचंय.

अंबडला एका प्लेटिंगवाल्याकडे जाऊन आलो. त्याने पिशवीत डोकावून बघितलं, म्हणाला किलोवर भाव लागेल, कमीत कमी एका लॉटचे पैसे द्यावे लागतील, आणि विचारलं काय तर 'व्हाइट पाहिजे की यलो?' बस एवढंच. मी म्हटलं सांगतो. आता सांगू काय त्याला?

दुसरं म्हणजे व्हिडिओत लोक व्हिनेगर आणि एप्सम सॉल्टमध्ये बॅटरी चार्जर लावून घरीच करताना दिसतात, ते खरंच टिकतं का फक्त व्हिडिओपुरतं चमकतं? २०२७ च्या सिंहस्थाची गर्दी व्हायच्या आत गाडी रस्त्यावर आणायचीय, नंतर पंचवटीतून गाडी बाहेर काढणं विसराच.

सातपूर_क्यूसी:

पांढरं की पिवळं हे सगळ्यात शेवटी ठरवायचं भाऊ, त्याआधी पिशवीतलं काय टाकीत जाणार आणि काय अजिबात जाणार नाही ते ठरव. प्लेटिंगवाला ते विचारणार नाही कारण त्याच्याकडे रोज कंपन्यांचा एकसारखा माल येतो आणि कागदावर सगळं आधीच लिहिलेलं असतं. तुझी मिसळ पिशवी तो सरळ बॅरलमध्ये, म्हणजे सगळा माल एकत्र घुसळणाऱ्या फिरत्या पिंपात ओतणार.

पहिला नियम हायड्रोजनचा. ॲसिडमध्ये गंज काढताना आणि नंतर प्लेटिंग होताना स्टीलमध्ये हायड्रोजन शिरतो. साध्या मऊ स्टीलला काही होत नाही पण कडक स्टील त्याने ठिसूळ होतं, आणि वाईट हे की त्या वेळी काहीच दिसत नाही. बोल्ट छान चमकतो, बसतो, टॉर्क घेतो आणि लोडवर राहून काही तासांनी किंवा दिवसांनी कटकन तुटतो. त्यामुळे बोल्टच्या डोक्यावरचे ताकदीचे मार्क वाच. ८.८ किंवा जुन्या पद्धतीचं ८जी असेल तर बिनधास्त दे. १०.९ किंवा १०के असेल तर प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत भट्टीत १९० ते २२० डिग्रीवर बरेच तास भाजून घ्यावं लागतं आणि ते पॅसिव्हेशनच्या (झिंकवर शेवटी देतात त्या पातळ रक्षक थराच्या) आधी, नंतर नाही. छोट्या लॉटसाठी हे कोणी मनापासून करेल यावर माझा तरी भरवसा नाही. १२.९ किंवा १२के तर देऊच नको. स्प्रिंगा, स्प्रिंग वायसर, सर्क्लिप, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट, फ्लायव्हीलचे बोल्ट, स्टिअरिंगचे जोड, हे सगळं बाजूला काढ. इंजिनच्या आतलं तर तसंही तेलात असतं, त्याला झिंक कशाला. स्प्रिंग वायसर नवीन आण, रुपया-दोन रुपयांच्या गोष्टीसाठी डोकं लावायचं नाही.

आता जाडी. 'करून दे' म्हटलं तर तो चमक येईपर्यंत करेल, कदाचित तीन-चार मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). गाडीच्या सामानाला ८ ते १० मायक्रॉन माग, बाहेर खाली लागणाऱ्या ब्रॅकेटला १२ मिळालं तर उत्तम, आणि घेताना मायक्रॉन गेज लावून दाखव म्हण, अंबड-सातपूरमध्ये ऑटोमोबाईलचं काम करणाऱ्याकडे गेज असतोच. आयएस १५७३ हे आपलं झिंक प्लेटिंगचं स्टँडर्ड आहे, त्याचं नाव घेतलंस तर समोरचा निदान सरळ बसतो.

पण आट्यांचं भान ठेव. ६० डिग्रीच्या आट्यावर प्लेटिंगची जाडी पिच डायमीटरमध्ये (आट्याच्या मधोमध मोजलेल्या व्यासात) चौपट होऊन दिसते, म्हणजे ८ मायक्रॉन चढवलं तर ३२ मायक्रॉन वाढलं. एम६ च्या नेहमीच्या ६जी (ही ताकद नाही, आट्याच्या मापाची ग्रेड) बोल्टला मुळात सूट असते २६ मायक्रॉनची. जुने बोल्ट झिजलेले असतात म्हणून बहुतेक वेळा बसून जातं, पण बारीक बोल्टला ५-६ वर थांब आणि घट्ट झालं तर प्लेटिंगनंतर डाय मारू नको, सगळं झिंक खरवडून जाईल. डाय मारायचीच तर आधी मार.

विलीस_देवळाली:

क्यूसी साहेबांनी मुद्द्याचं सांगितलं. मी जीपवाला आहे त्यामुळे रंगाबद्दल माझं जरा वेगळं मत आहे, ते सांगतो.

झिंक स्वतः राखाडी-चंदेरीच असतं. पांढरं-निळसर किंवा पिवळं जे दिसतं ते वरच्या पॅसिव्हेशनचं, म्हणजे झिंकवर दिलेल्या क्रोमेटच्या पातळ थराचं. झिंक स्वतः गंजून लोखंडाला वाचवतं आणि पॅसिव्हेशन झिंकला वाचवतं, असं दुहेरी आहे. जुनं अस्सल पिवळं, ज्यात हिरवी-गुलाबी झाक मारते, ते हेक्साव्हॅलंट क्रोमियमचं. मीठ-पाण्याच्या फवाऱ्याच्या टेस्टमध्ये पांढऱ्यापेक्षा ते पुष्कळ जास्त टिकतं. पण हेक्सा विषारी आहे, कॅन्सरकारक आहे, युरोपात २००७ पासून नव्या गाड्यांच्या सामानात त्यावर बंदी आहे आणि त्यामुळे एक्सपोर्टचा माल करणारे आपल्याकडचे लोकही ट्रायव्हॅलंटवर, म्हणजे क्रोमियमच्या कमी घातक प्रकारावर गेलेत. ट्रायचं पिवळं बऱ्याचदा वरून रंग घातलेलं एकसारखं लिंबू-पिवळं दिसतं, ते जुन्या गाडीवर डोळ्यात खुपतं. म्हणून कुठल्या टाकीचं पिवळं आहे ते विचार आणि आधी एक बोल्ट करून बघ.

मी असतो तर बॉनेट लॉक, लिंकेज, क्लिपा यांना पिवळं आणि बाकी नट-बोल्टांना पांढरं केलं असतं, पण त्याहून सोपा उपाय तुझ्या गाडीतच आहे. जिथे वायसरखाली किंवा क्लिपेच्या आत ऊन-पाणी पोचलं नाही तिथे मूळचा रंग अजून शिल्लक असतो. प्रत्येक जागचा एक बोल्ट काढून खालची बाजू बघ, फोटो काढ. काही ठिकाणी काळं फॉस्फेट (झिंकऐवजी दिलेला, तेल धरून ठेवणारा थर) निघेल, तिथे झिंक करूच नको, काळंच ठेव. सगळी गाडी सोन्यासारखी पिवळी केलेली मी बघितलीये, लग्नाच्या हॉलबाहेर उभी करायला ठीक आहे.

माझ्याकडच्या अमेरिकन सामानावर कॅडमियम असतं कधी कधी. तुझ्याकडे चुकून अशा जातीचा एखादा जुना पिवळट बोल्ट आला तर वायर ब्रश ग्राइंडरला लावून कोरडा घासू नको आणि गॅसने तापवूही नको. कॅडमियमची धूळ आणि धूर दोन्ही छातीत जातात आणि ते साधं नाही.

तयारीबद्दल एवढंच म्हणेन की झिंक म्हणजे मलमलचा सदरा, आतलं सगळं दिसतं. खड्डा असेल तर खड्डा चमकतो. त्यामुळे प्लेटिंगवाल्याच्या ॲसिडवर गंज सोपवू नको, तो त्यात जास्त वेळ ठेवतो आणि स्टील खाल्लं जातं. आधी डिझेलमध्ये ग्रीस काढ, मग सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात किंवा पशुखाद्यवाल्याकडे मळी मिळाली तर एक भाग मळीला नऊ-दहा भाग पाणी करून त्यात काही आठवडे बुडवून ठेव. मळीचा वास बायको-आईला सहन होणार नाही हे आधीच सांगतो पण गंज असा सुटतो की हात लावायला नको, आणि लोखंडाला धक्का नाही. फक्त ॲल्युमिनियम किंवा झिंकची वस्तू त्यात टाकायची नाही, ती विरघळून जाईल. मोठ्या ब्रॅकेटला सरळ सँडब्लास्टिंग कर, पण ब्लास्ट केलेलं सामान पावसाळ्यात रात्रभर उघडं ठेवलंस तर सकाळी परत केशरी. इगतपुरीकडच्या हवेत तर दुपारपर्यंतही थांबत नाही. त्याच दिवशी प्लेटिंगला पोचव.

चिवडा_संडे:

एवढी डोकेफोड कशाला, सगळे स्टेनलेसचे बोल्ट लाव आणि विसरून जा की.

विलीस_देवळाली:

@चिवडा_संडे, तो मूळचं सामान लावतोय म्हणाला ना भाऊ. शिवाय साधा ए२-७० स्टेनलेस ८.८ एवढा ताकदीचा नसतो, स्टेनलेसला स्टेनलेसचा नट आवळला की मध्येच चिकटून बसतो, मग ना पुढे ना मागे. आणि ओलाव्यात स्टेनलेसच्या संगतीने शेजारची लोखंडी पट्टी जास्त लवकर खाते. पाटी-बिटीला लाव, सस्पेन्शनला नको.

गोदाकाठ_११००:

बाप रे, मी तर फक्त रंग विचारायला आलो होतो. आज बसून वर्गवारी केली. १०के असे मार्क असलेले बरेच बोल्ट निघालेत, गिअरबॉक्सच्या आसपासचे आणि काही सस्पेन्शनचे, ते वेगळ्या डब्यात टाकले. वायपर लिंकेजचे जोड रिव्हेट केलेले आहेत, ते तसेच द्यायचे का? कार्बोरेटरची बॉडी काळवंडलीये, ती पण पिवळी करून घ्यावी म्हणतोय. आणि घरी करायच्या मुद्द्यावर कोणीच बोललं नाही अजून, एखादा ब्रॅकेट तरी घरी करून बघायची खाज आहे.

क्षमा_प्रयोगशाळा:

कार्बोरेटर देऊ नकोस! जुन्या कार्बोरेटरची बॉडी बऱ्याचदा झिंकच्या मिश्रधातूचीच डायकास्ट असते. लोखंडासाठीच्या पिकलिंगच्या, म्हणजे गंज काढायच्या ॲसिडमध्ये टाकली तर तीच विरघळायला लागेल, जेटच्या वाटा आणि सीटिंग सगळं बिघडेल. कंपनीत तिला वरून क्रोमेटची बुडी दिलेली असायची, झिंक चढवलेलं नसायचं. नीट साफ कर, एवढंच. पेट्रोल जिथे आतून वाहतं तिथे तसंही झिंक नको, आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये झिंकचा पांढरा गाळ होतो आणि तो जेटमध्ये जाऊन बसतो.

रिव्हेट केलेले जोड, दुमडून वेल्ड केलेल्या पट्ट्या, बंद नळ्या यांत ॲसिड अडकतं आणि प्लेटिंग झाल्यावर काही आठवड्यांनी तिथून पांढरट ओघळ येतात, पाठोपाठ गंज. त्यामुळे लिंकेज सुटी करून नवीन रिव्हेट मारता येत असतील तर तसं कर, नाहीतर वायपरला रंगच बरा. बुश, रबर, नायलॉन काढल्याशिवाय काहीही द्यायचं नाही.

घरचं प्लेटिंग: होतं, फसवणूक नाहीये, पण व्हिनेगरवाल्या पाण्यात झिंक फार कमी विरघळतं आणि करंट नीट वाहत नाही, म्हणून मळकट राखाडी पातळ थर येतो आणि ब्रॅकेटच्या आतल्या कोपऱ्यात काहीच पोचत नाही. नीट करायचं तर ॲसिड क्लोराइड बाथ (प्लेटिंगचं द्रावण) कर, एका लिटरला साधारण ६० ग्रॅम झिंक क्लोराइड, २०० ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम क्लोराइड, ३० ग्रॅम बोरिक ॲसिड, पीएच ५ ते ५.५, आणि प्लेटिंगचं केमिकल विकणाऱ्याकडून त्याच बाथचा ब्राइटनर (थर चमकदार आणणारं केमिकल). ॲनोड शुद्ध झिंकचा घे, जुन्या पत्र्याचा नको.

बॅटरी चार्जर विसर, करंट फिक्स करता येतो असा डीसी सप्लाय पाहिजे. हिशोब सोपा आहे: १० सेंटिमीटर गुणिले १० सेंटिमीटर म्हणजे एक चौरस डेसिमीटर, त्याला २ अँपिअर. पट्टीला दोन बाजू असतात हे लोक विसरतात, तेवढ्याच पट्टीला ४ अँपिअर लागतील. या करंटला मिनिटाला अर्ध्या मायक्रॉनपेक्षा किंचित जास्त चढतं, म्हणजे १० मायक्रॉनला वीस मिनिटं धर. कोपरे काळे, भुरभुरीत व्हायला लागले तर करंट जास्त आहे. नाशिकच्या मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये करू नकोस, बाथ तापला की ब्राइटनर बाहेर पडून पाणी गढूळ होतं.

मग पाण्यात धुऊन अर्ध्या टक्क्याच्या नायट्रिकमध्ये क्षणभर बुडव, परत धू, आणि ट्रायव्हॅलंट निळं पॅसिव्हेशन दे. हेक्साव्हॅलंट पिवळं घरी आणायचंच नाही, यात चर्चा नाही. आणखी एक, कुठल्या प्लेटिंगवाल्याकडून 'उरलेलं पाणी' आणू नकोस, जुन्या काही टाक्या सायनाइडच्या असतात आणि त्यात ॲसिडचा थेंब पडला तर जो गॅस निघतो त्याला दुसरी संधी नसते. हायड्रोक्लोरिक ॲसिडचा डबा गाडीजवळ किंवा हत्यारांच्या खोलीत उघडू नको, वाफेने पान्यांसकट सगळं गंजेल. चष्मा, हातमोजे, उघडी हवा.

आणि संपल्यावर ते पाणी मोरीत नाही ओतायचं, पंचवटीत राहतोस, मोरीचं पाणी शेवटी कुठे जातं ते तुला माहीत आहे. धुण्याचा सोडा टाकून पीएच ९ च्या आसपास नेलं की झिंक खाली बसतं, तो गाळ बाटलीत भरून प्लेटिंगवाल्याला दे, त्याच्याकडे ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा) असते आणि गाळ ठरलेल्या ठिकाणी द्यावाच लागतो.

एवढं सगळं वाचून उत्साह टिकला तर कर, नाहीतर अंबड जवळ आहे.

गोदाकाठ_११००:

उत्साह अर्धा राहिला ताई :) एखादा ब्रॅकेट नंतर करून बघेन, बाकी अंबडलाच. आता सांगा, त्याला नेमकं काय बोलू आणि सामान हरवू नये म्हणून काय करू? कारण त्याच्या बॅरलमध्ये माझ्या क्लिपा गेल्या तर कुठल्या कंपनीच्या मालाबरोबर पुण्याला पोचतील देव जाणे.

सातपूर_क्यूसी:

ही भीती खरी आहे, बॅरलमध्ये दुसऱ्याचा माल मिसळतो आणि पातळ क्लिपा वाकतात, आटे ठेचले जातात. तू बोल्ट बॅरलला न देता तांब्याच्या तारेवर माळ करून दे आणि 'रॅकवर टाक', म्हणजे सुटं न ओतता टांगून कर असं सांग, थोडे पैसे जास्त घेईल. तार आट्यांना नाही, डोक्याखाली गुंडाळ, जिथे तार टेकते तिथे प्लेटिंग येत नाही म्हणून ती जागा न दिसणारी निवड. प्रत्येक माळेचा पुठ्ठ्यावर मांडून फोटो काढ, वजन आणि नग दोन्ही चलनावर लिहून घे. सोमवारी सकाळी जाऊ नको, अंबडला वीकली ऑफ वेगवेगळा असतो पण सुट्टीनंतर पहिल्या दिवशी मोठ्या मालाची घाई असते आणि तुझी पिशवी कोपऱ्यात पडून राहते.

बोलायचं एवढंच: 'गंज मी काढलाय, पिकलिंग कमीत कमी ठेवा. बोल्टांना ५-६, ब्रॅकेटला १० मायक्रॉन. या माळेला ट्राय पांढरं, या माळेला यलो, आणि यलोचा एक नग आधी दाखवा. सुकवताना ६० डिग्रीच्या वर नेऊ नका.' हे शेवटचं यलोसाठी महत्त्वाचं आहे, जास्त तापलं की हेक्साचा थर तडकतो आणि त्याचा उपयोग निम्मा होतो. त्याच कारणाने यलो केलेल्या वस्तूवर नंतर पावडर कोटिंग करायचं नाही, ती भट्टी १८०-२०० डिग्रीची असते. ओतीव लोखंडाची एखादी वस्तू असेल तर त्याची टाकी ॲसिड झिंकची आहे का विचार, अल्कलाइन टाकीत ओतीववर झिंक चढायला फार कुरकुर करतं.

१०के चा डबा मला दाखव, आमच्याकडे हार्डनेस टेस्टर आहे, रविवारी सोडून कधीही ये. पण माझं मत विचारशील तर ते बोल्ट वायर ब्रशने साफ करून फॉस्फेट आणि तेल, बस. सस्पेन्शनखाली कोणी वाकून बघणार नाहीये.

विलीस_देवळाली:

आणि घरी आणल्यावर एक दिवस हात लावू नको, नवीन पॅसिव्हेशन चोवीस तास मऊ असतं, घासलं की निघतं. ओलं सामान प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवलंस तर पावसाळ्यात त्यावर पांढरी पावडर येते, ते झिंकच गंजलेलं असतं. व्हीसीआय (गंज रोखणाऱ्या) कागदात गुंडाळ किंवा हलकं तेल लावून डब्यात ठेव. बसवताना जुन्या कोरड्या बोल्टचा टॉर्क तसाच मारू नको, झिंक आणि तेलाने घर्षण बदलतं आणि त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. सीटच्या रेलमध्ये मात्र आधी ग्रीस भर, तिथलं झिंक घासून जाणारच आहे.

गोदाकाठ_११००:

झालं, छापून घेतो हे. क्यूसी साहेब, गुरुवारी दुपारी येतो डबा घेऊन, सातपूरला आयटीआय सिग्नलला पोचलो की मेसेज टाकतो.